मी बिघडलेलो नव्हतो

ऐकताय ना? मी पाण्याचा मीटर बोलतोय. इस्पितळाच्या लाँड्रीतला. म्हणजे होतो तिथला. आता लाँड्रीच्या भिंतीपलीकडे सामानाची खोली आहे, तिथल्या फळीवर तुटक्या तोट्या आणि गंजक्या बोल्टांच्या शेजारी पडून आहे. उद्या सकाळी मला तपासणीला नेणार आहेत. तिथे मी खरा ठरलो, तर चौदा माणसं आणि त्यांची ताई कामावरून गेली म्हणून समजा. मी खोटा ठरलो, तर ती वाचली. आणि मी खरा आहे. माझं दुखणं एवढंच आहे, पण ते कळायला तुम्हाला थोडं मागे यावं लागेल.

माझं अंग पितळेचं. आत पाण्याच्या धारेने फिरणारं चाक, वर जाड काच, काचेखाली आकडे आणि कोपऱ्यात नखाएवढी तांबडी चांदणी. थेंबभर पाणी आतून गेलं तरी ती चांदणी हलते. कारखान्यातून बाहेर पडायच्या आधी मला इतर वीस जणांबरोबर एका लांब बाकावर बसवलं आणि मोजून पाणी सोडलं. सगळ्यांत बिनचूक मी निघालो. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "हा सरळ आहे." मग त्यांनी माझ्या कानात शिशाचं सील ठोकलं. त्या एका वाक्याचा मी आयुष्यभर माज केला. आज तोच अंगाशी आलाय.

पहिली अकरा वर्षं मी इस्पितळाच्या बागेत काढली. मला कुणी वाचत नव्हतं. माळी त्याचा सदरा माझ्यावर वाळत घालायचा, तेवढाच काय तो उपयोग. मी मात्र इमानेइतबारे मोजत होतो. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असावं म्हणून.

आणि एक दिवस ताई आली.

ताई म्हणजे लाँड्रीतली बाई. नऊ वर्षं तिने तिथल्या टेबलावर चादरींच्या घड्या घातल्या होत्या. मग इस्पितळाच्या साहेबांनी तिला पाणी वाचवायच्या प्रकल्पाची प्रमुख केलं. नवा मीटर मागवून तीन आठवडे झाले तरी आला नाही, तेव्हा ती स्वतःच जुना मीटर शोधत हिंडत होती. माझ्यापुढे उकिडवी बसली, बाहीने काच पुसली आणि माझा आकडा तिने मोठ्याने वाचला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्या क्षणापासून मी तिचा झालो, हे मला कबूल केलंच पाहिजे.

प्लंबरने मला काढलं आणि तोंडाची जाळी उघडली. आत गाळ होता. तो ताईला म्हणाला, "बघा, गाळाने अर्धी भोकं बुजली की उरलेल्या भोकांतून धार जोरात येते. चाक भलतंच पळतं. पंधरा लिटर गेलं की हा वीस सांगतो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बागेतली माझी शेवटची कितीतरी वर्षं खोटी निघाली होती. त्याने जाळी घासून लख्ख केली. मी मनाशी ठरवलं, आता मरेपर्यंत एक थेंब इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही.

ही गाळाची गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

मला लाँड्रीच्या दाराशी भिंतीवर बसवलं. आत येणारं सगळं पाणी माझ्यातून जायचं. एका बाजूला बोळ, दुसऱ्या बाजूला मशीनं, त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं माझ्या कानावर पडे. रोज पंधरा हजार लिटर पाणी लागत होतं. ऑपरेशनच्या चादरी, वॉर्डांतले झगे, डॉक्टरांचे कोट. मोठ्या मशीनवर मामा होते. वीस वर्षं तेच मशीन, तीच जागा. मामांचा कपडा तीन पाण्यांतून निघत असे. मग ते त्याचं टोक कानाशी धरून दोन बोटांत चोळत. चुरचुर वाजला तरच पास. घड्यांच्या टेबलावर अक्का. तोंडाने फटकळ, हाताने देवमाणूस. बाकीचे बाराजण या दोघांच्या तोंडाकडे बघून चालत. मामा हो म्हणाले की हो.

पहिल्याच आठवड्यात साहेब बोळात ताईशी बोलत उभे राहिले, बरोब्बर माझ्याशेजारी. शहराचं पाणी आटत चाललं होतं आणि इस्पितळाचा पुरवठा कमी होणार होता. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं की वॉर्डांचं पाणी तोडता येत नाही, तोडायचं तर लाँड्रीचं. तीन महिन्यांत पंधराचे दहा हजार झाले तर ठीक. नाहीतर कपडे बाहेर धुवायला जातील आणि हे दार बंद होईल.

"आणि हे आत बोलू नका," साहेब म्हणाले. "माणसं घाबरली की काम बिघडतं."

ताई म्हणाली, "हो साहेब."

माझ्या मते सगळी माती त्या 'हो'ने झाली.

कारण आतल्या माणसांना दुसरीच भीती होती, आणि ती ताईला माहीत असायला हवी होती. दोन वर्षांपूर्वी इथे कपडे वाळवायची मशीनं आली. तेव्हाही भिंतीवर आकड्यांचा तक्ता लागला होता. तुमचे कष्ट वाचतील, असं सांगितलं होतं. वाळवायला लागणारे तास तक्त्यावर भराभर खाली आले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि दीड महिन्याने गच्चीवर चादरी वाळत घालणाऱ्या चौघीजणी कामावर दिसेनाशा झाल्या. त्यांतली एक अक्काची सख्खी जाऊ. अक्का राहिली आणि ती गेली, म्हणून अजून घरात दोघींचं धड बोलणं नाही. त्या चौघी गेल्या तेव्हा ताई याच टेबलावर घड्या घालत होती. तिनेही डोळे पुसले होते म्हणे. पण माणूस एकदा जिना चढून वरच्या खोलीत बसायला लागलं की खालचं थोडं थोडं पुसट होत जात असावं.

तिने जीव ओतून काम केलं, यात शंका नाही. आधी भिंतीवर रोजच्या पाण्याचा तक्ता टांगला आणि पत्रकं लावली. 'शाश्वत इस्पितळाकडे एक पाऊल'. वाफेने त्यांचे कोपरे दोन दिवसांत सुटले. एकीने अक्काला विचारलं, शाश्वत म्हणजे काय गं. अक्का म्हणाली, कायमचं. मामा मशीनमागून म्हणाले, मग इथे आपणच तेवढे तात्पुरते. सगळे हसले. ताई दारात उभी होती, तीही हसली. मला तेव्हाच तिला सांगावंसं वाटलं, हसू नकोस, नीट ऐक, ते चेष्टा करत नाहीयेत.

दर सोमवारी ती बैठक घ्यायची. आपण बदललं पाहिजे, लहान लहान सवयी, सगळ्यांची साथ. सगळे माना डोलवायचे. मामा तर सगळ्यांत जोरात. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी तिला ताईऐवजी मॅडम म्हणायला सुरुवात केली. तिला वाटलं, मान देतायत. पूर्वी ती त्यांच्याबरोबर घड्यांच्या टेबलावर डबा खायची. आता दुपारी तिला वर साहेबांच्या बैठकीत बसावं लागे. टेबलावरची तिची जागा अक्काने काही दिवस रिकामी ठेवली, मग तिथे साबणाचा डबा आला.

तिची युक्ती मात्र खरोखर चांगली होती. कपड्यांचं शेवटचं पाणी जवळजवळ स्वच्छच असतं. ते गटारात न सोडता एका टाकीत साठवायचं आणि पुढच्या घाण्याच्या पहिल्या भिजवणीला वापरायचं. टाकी बसली त्या दिवशी दुपारी एकपर्यंत मी नेहमीपेक्षा दोन हजार लिटरने मागे होतो. मला इतका आनंद झाला की काय सांगू. संध्याकाळपर्यंत चार हजार वाचणार होते.

एक वाजता जेवणाची सुट्टी झाली आणि मशीनं थांबली. मामा माझ्याकडे आले, वाकले, आकडा वाचला. मी फुशारलो. आता दोघंजण मला वाचायला लागले होते. मामांनी मान वळवून अक्काला चार बोटं दाखवली.

मशीनं बंद होती, तरी माझी चांदणी फिरायला लागली.

लाँड्रीच्या मागे फरशी धुवायचा एक जाडजूड नळ आहे. अक्काने तो पूर्ण सोडला होता आणि त्याची रबरी नळी थेट गटारात घातली होती. तासाभरात चार हजार लिटर पाणी माझ्या पोटातून गेलं आणि कुणाच्याही उपयोगी पडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने काच पुसली. पंधरा हजार. तिने तक्त्यावर लिहिलं आणि खडू हातात धरून उभी राहिली.

त्यांचा हिशेब सरळ होता. आकडा खाली आला की माणसं खाली येतात. म्हणून आकडा आहे तिथेच ठेवायचा. ती चौदाजणांची नोकरी वाचवत होती आकडा खाली आणून, आणि ती चौदाजणं तीच नोकरी वाचवत होती आकडा वर धरून. दोघांच्या मध्ये मी. ती त्यांना सांगत नव्हती, ते तिला सांगत नव्हते, आणि मला सगळं ठाऊक असून तोंड नव्हतं. मला फक्त एक आकडा बोलता येतो. तो मी बोलत होतो आणि त्यानेच त्यांचा घात होत होता.

कल्पना करा माझी अवस्था. रोज दुपारी एक वाजायचा. मामा यायचे, वाकायचे, बोटं दाखवायचे. कधी तीन, कधी चार. ताईला कुणीतरी सांगितलं की मामा रोज मीटर बघतात, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बैठकीत तिने मामांचं नाव घेऊन कौतुक केलं. मामा खाली बघत राहिले. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. तेही काही निर्लज्ज माणूस नव्हते.

मग ताईने गळती शोधायला घेतली. प्लंबरने फरशी उखडली, नळांना कान लावले, सगळे वायसर बदलले. काही निघालं नाही. एक महिना गेला, दीड गेला. साहेब बोळात भेटले की नुसते भुवया उंचावायचे. ती माणसांवर चिडायला लागली. एकदा एकीच्या हातून बादली सांडली, तर ताई तिला अद्वातद्वा बोलली आणि मग दाराशी येऊन माझ्या शेजारच्या भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. वाळली होती. हातातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. सकाळी काच पुसताना ती माझ्याशी बोलायला लागली होती. "आज तरी खाली ये रे बाबा," म्हणायची. आणि मी पंधरा हजार सांगायचो.

एकदा वरच्या टाकीतून वाळूचा एक खडा माझ्यात आला आणि चाकापाशी अडकला. मी त्याला घट्ट धरून ठेवलं. म्हटलं, थांबू दे मला. मी बंद पडलो तर प्लंबर येईल, भर दुपारी येईल, मागचा नळ वाहताना बघेल. अर्धा तास मी जिवाचा आटापिटा केला. मग अक्काने नळ सोडला, पाण्याचा लोंढा आला आणि खडा निघून गेला. त्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्या बिनचूकपणाला शिव्या दिल्या.

मुदत संपायला दोन दिवस उरले असताना ताई जेवणाच्या सुट्टीत खाली आली. भूक नव्हती, म्हणून वर बसली नव्हती. बंद मशीनांकडे तिने बघितलं, मग माझ्याकडे. चांदणी गरगर फिरत होती. मग तिने माझ्यातून निघणाऱ्या नळावर हात ठेवला आणि भिंतीच्या कडेने त्याला हात लावत लावत मागे गेली.

अक्का उलट्या बादलीवर बसून डबा खात होती. शेजारी नळी गटारात सुटलेली. दार उघडं होतं, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला.

अक्का उठली नाही. घास गिळून म्हणाली, "घ्या. आता काढून टाका मला. पण बाकीच्यांना हात लावू नका, नळ मीच सोडते."

"का पण?" ताई म्हणाली.

"का म्हणजे? मागच्या खेपेला तक्ता खाली आला आणि माझी जाऊ घरी बसली. तुम्ही तेव्हा इथेच होतात की. विसरलात?"

मग ताई म्हणाली, "अक्का, परवापर्यंत आकडा खाली आला नाही, तर लाँड्रीच बंद करणार आहेत. सगळेच जाणार. तुम्ही, मामा, मीसुद्धा."

"हे तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तू आम्हाला बोलली नाहीस?" अक्का म्हणाली. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती ताईला अगंतुगं करत होती.

नळ बंद झाला. माझी चांदणी थांबली. आयुष्यात इतकी शांतता मी अनुभवली नव्हती.

त्या दुपारी मशीनं उशिरा सुरू झाली. ताईने सगळ्यांना घड्यांच्या टेबलापाशी बोलावलं, साबणाचा डबा खाली ठेवला आणि आपल्या जुन्या जागेवर बसली. साहेब काय म्हणाले होते ते सगळं तिने सांगितलं. माझं चुकलं, असंही म्हणाली. कुणी आरडाओरडा केला नाही. मामा पाठमोरे उभे होते. मग ते म्हणाले की त्या मशीनच्या दाराचं रबर चार वर्षं गळतंय, वाफेचं गरम पाणी पलीकडच्या मोरीत फुकट जातं, ते भिजवणीला वापरता येईल. आणि वॉर्डातल्या साध्या चादरींना तिसरं पाणी लागतच नाही, दोन पाण्यांत त्या चुरचुरतात, त्यांनी कान लावून पाहिलंय. ताई त्यांच्याकडे बघतच राहिली.

"मामा, हे आधी का नाही सांगितलंत?"

"वीस वर्षांत पाण्याबद्दल मला सांगितलं पुष्कळांनी," मामा म्हणाले. "विचारलं कुणी?"

पण दोन दिवस आकडा थोडा उतरला म्हणून तीन महिने भरून निघत नसतात. तिसऱ्या दिवशी साहेब बोळात उभे होते, हातात गेल्या आठवड्यापर्यंतच्या तक्त्याची नक्कल. पंधरा, पंधरा, पंधरा. ते म्हणाले की त्यांचा नाइलाज आहे. दाराआड मामा आणि अक्का उभे होते. आणि मी देव पाण्यात घालून बसलो होतो.

ताईपुढे दोनच वाटा होत्या. खरं सांगावं तर चौदाही माणसांवर मुद्दाम पाणी वाया घालवल्याचा डाग, आणि तसा डाग लागलेल्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करणार. गप्प राहावं तर दार बंद. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या डोळ्यांत आधी कधी न पाहिलेलं काहीतरी पाहिलं आणि पुढचं वाक्य येण्याआधीच मला कळलं.

"साहेब, मीटर बिघडलाय," ती म्हणाली. "जुना आहे, बागेतला. जाळीत गाळ बसला की जास्त दाखवतो. प्लंबरने मला तेव्हाच सांगितलं होतं, मीच दुर्लक्ष केलं."

काय वाटलं म्हणून विचारता? पहिला क्षण तोंडात मारल्यासारखं झालं. जिने मला अकरा वर्षांनी वाचलं, तिनेच मला खोटं ठरवलं. मग दाराआड अक्काने तोंडावर हात घेतलेला मला दिसला, आणि माझा माज उतरला. घे, म्हटलं. माझ्याकडे देण्यासारखं एवढंच आहे, ते घे.

साहेबांनी नक्कल घडी करून खिशात घातली. मग म्हणाले की नवा मीटर आजच बसवू आणि महिनाभर बघू. जुना मात्र कुणी उघडायचा नाही, तसाच सामानाच्या खोलीत ठेवायचा. तो बाहेरून तपासून घेऊ. खराब निघाला तर ताईचं खरं. चांगला निघाला, तर मग तीन महिने ते पाणी गेलं कुठे, ते सगळ्यांनाच सांगावं लागेल.

असा मी इथे आलो. नवा मीटर झकपक आहे म्हणतात, काचेवर आकडे उजळतात. त्याला चांदणी मात्र नाही. असो. भिंत पातळ आहे आणि महिनाभर मी कान लावून बसलोय. आता रोज सकाळी एकेकजण पाळीने आकडा वाचतो, तोही मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा. पहिल्या आठवड्यात बारा हजार. मग मामांनी रबर बदलून घेतलं, अकरा. मग वाफेचं पाणी वळवलं. एकोणिसाव्या दिवशी अक्का वाचत होती. "नऊ हजार आठशे," ती म्हणाली, आणि पलीकडे इतका गलका झाला की माझ्या फळीवरचे बोल्ट वाजले. दुपारी एक वाजता मी अजून दचकतो. पण मागच्या नळाचा आवाज येत नाही. जेवताना ताईचा आवाज येतो. तिला परत ताई म्हणतात.

त्यांनी करून दाखवलं, हो. स्वतःच्या डोक्याने, स्वतःच्या हाताने. आणि हे सगळं उद्या माझ्या एका शब्दाने मातीमोल होणार आहे.

काल साहेब तपासणीवाल्यांचं पत्र घेऊन खोलीत आले होते. आकडा इतका चांगला आलाय की वरच्या लोकांना जुना आकडा खरंच चुकीचा होता का, ते बघायचंय. उद्या सकाळी मला त्या लांब बाकावर बसवतील. मोजून पाणी सोडतील. शंभर लिटर सोडलं तर मी शंभर सांगेन. मला दुसरं काही येत नाही. माझी जाळी स्वच्छ आहे, चाक सरळ आहे, कानातलं सील शाबूत आहे. कुणीतरी म्हणेल, हा सरळ आहे. तेच वाक्य. आणि मग चौकशी, मग चौदा जबान्या, मग दारावर कुलूप.

आज दुपारी ताई आली. दार लोटून घेतलं. तिच्या हातात एक लहानशी पिशवी होती, बागेतल्या ओल्या मातीची. मला वास ओळखीचा होता. अकरा वर्षं त्याच मातीत काढलीत. तिने मला उचललं, तोंड वर केलं, जाळीवर बोट फिरवलं. मी म्हटलं, टाक. चिमूटभर पुरे. टाक लवकर.

मग तिने, सवयच ना, बाहीने माझी काच पुसली आणि माझा शेवटचा आकडा वाचला. तिच्याच्याने होईना.

"एकदा मी बोलले ते बोलले," ती मला म्हणाली. "तुझ्या तोंडून नाही वदवणार."

अगं, वदव की! माझ्या खरेपणाचं काय लोणचं घालायचंय? पण तिने मला अलगद फळीवर ठेवलं, काच वर करून, आणि निघून गेली. डोळे पुसत गेली, म्हणून पिशवी तिथेच विसरली. की मुद्दाम ठेवून गेली? मला कळत नाही. ती पिशवी माझ्यापासून वीतभर अंतरावर आहे. तिची गाठ सैल आहे. आणि मला हात नाहीत.

पाच वाजता मामा साबणाचे डबे ठेवायला या खोलीत येतात. डबे याच फळीवर ठेवतात. आता पावणेपाच झाले असतील. पलीकडे मोठं मशीन शेवटच्या पाण्यावर आलंय, आवाजावरून कळतं.

मामा, डबे ठेवताना जरा इकडे बघा. त्या पिशवीत काय आहे ते बघा, आणि ती माझ्याशेजारी का आहे त्याचा विचार करा. तुम्हाला कपड्याचं चुरचुरणं कानाने कळतं, हेही कळेल. माझी जाळी बोटाने निघते, सील तोडावं लागत नाही. चिमूटभर माती आत दाबा, जाळी बसवा आणि जा. उद्या बाकावर मी शंभराचे सव्वाशे सांगेन, लोक म्हणतील मेलेला मीटर, आणि मला भंगारात टाकतील. टाकू देत. मात्र ताईने पुसलेली ही काच मातीच्या हाताने मळवू नका. आणि कधी घड्यांच्या टेबलावर जेवताना माझी आठवण निघालीच, तर तुम्ही तरी सांगा, तो बिघडलेला नव्हता म्हणून.